काटकसर: चिमटा कोणाच्या पोटाला?

काटकसर म्हणजे मिळकत आणि गरज यांची तोंडमिळवणी करताना गरजेला लावलेली कात्री. या शब्दातच 'कसर' आहे आणि कसर म्हणजे उणीव. ज्याच्या घरात उणीव नाही त्याच्या साधेपणाला मराठीत साधी राहणी म्हणतात. महिन्याच्या वीस तारखेनंतर जिथे डब्यांचे तळ दिसू लागतात, त्या घराचा शब्द काटकसर. धर्मविचारात या दोन गोष्टी वारंवार एकात एक कालवल्या गेल्या आहेत. अपरिग्रह, संतोष, वैराग्य या शब्दांना जी थोरवी आहे ती काटकसरीलाही आपोआप लाभते, असे धरून चालण्याची सवय जुनी आहे. ती खरोखर लाभते का, आणि लाभत असेल तर कोणत्या अटीवर, हा या विषयातला मुख्य प्रश्न.

दोडक्याची भाजी करताना आधी त्याच्या शिरा सोलून काढतात. त्या तेलावर खरपूस परतून तीळ, सुके खोबरे, मिरची आणि मीठ घातले की कोरडी चटणी होते. भाजीपाल्याला तोटा नाही अशा घरात ती चवीसाठी होते. पाव किलो दोडक्यात पाच माणसे जेवायची असतात त्या घरात ती दुसऱ्या भाजीची जागा भरते. आणि चिक्कू माणसाच्या घरीही ती होते, कारण शिरा टाकणे त्याच्या जिवावर येते. कढई तीच, चटणी तीच. बाहेरून पाहणाऱ्याला आवड, गरज आणि कृपणपणा यांतला फरक कळायचा नाही. नीतीचा विचार करणाऱ्याला मात्र तीन गोष्टी विचाराव्या लागतात: हेतू काय होता, दुसरा पर्याय होता का, आणि झळ कोणाला बसली. पहिल्या दोहोंवर भारतीय धर्मग्रंथांत पुष्कळ लिहिलेले आहे. तिसऱ्याकडे लक्ष कमी गेले, आणि खरी मेख तिथेच आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात गृहस्थाच्या साठवणीची एक उतरंड आहे. कोठारभर धान्य बाळगणारा तो कुसूलधान्यक, रांजणभर बाळगणारा कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते बाळगणारा त्र्यहैहिक आणि उद्याचेही न ठेवणारा अश्वस्तनिक. कोठार म्हणजे नेमके किती दिवसांचे धान्य, यावर टीकाकारांचे एकमत नाही. क्रमाबद्दल मात्र ग्रंथ स्पष्ट आहे. साठवण जितकी कमी तितका गृहस्थ श्रेष्ठ. पण हे सांगितले आहे ते ब्राह्मण गृहस्थाला. दान घेण्याचा अधिकार त्याला होता. उद्याचे धान्य त्याच्या घरात नसले तरी यजमानाच्या घरात होते. रोजावर जाणाऱ्या शेतमजुराच्या घरीही उद्याची भाकरी नसते. शब्दार्थाने तोही अश्वस्तनिकच, पण ही उतरंड त्याच्यासाठी रचलेली नाही. न साठवणे आणि साठवायला न उरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते लक्षात घेतले नाही की निव्वळ दारिद्र्यालाच तपश्चर्येचे नाव मिळते.

याच ग्रंथात गृहस्थावर पंचमहायज्ञांचा भारही आहे. देव, पितर, ऋषी, माणसे आणि इतर जीव या सर्वांचा वाटा त्याने स्वतःच्या जेवणाआधी काढायचा. बाकीचे तिन्ही आश्रम त्याच्या जिवावर चालतात. तैत्तिरीय उपनिषदाची भृगुवल्ली तर अन्न पुष्कळ करण्याचे आणि वस्तीला आलेल्या कोणालाही न नाकारण्याचे व्रतच सांगते. म्हणजे एकीकडे उद्याचे साठवू नको, आणि दुसरीकडे आज दारात आलेल्याला परत पाठवू नको. ही दोन्ही कलमे एका तुटपुंज्या मिळकतीत बसवायची, हा संसारी माणसाचा फार जुना पेच आहे.

मराठी घरांनी तो आपल्या परीने सोडवला. ऐनवेळी पाहुणा आला की आमटीत तांब्याभर पाणी आणि चिमूटभर तिखट-मीठ वाढते, हे कोणत्या स्मृतीत लिहिलेले नाही, पण अतिथिधर्माचा निम्मा भार याच पाण्याने उचलला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात उंबरे. वार देणारी घरे श्रीमंतच असत असे नाही; कारकुनाच्या बिऱ्हाडातही आठवड्यातून एकदा एक पान जास्त मांडले जाई. घरखर्चाच्या वहीत या पानाची वेगळी नोंद नसे. त्या दिवशी कणीक मूठभर जास्त भिजे, इतकेच.

घरखर्चाबद्दल सरळ, व्यवहारी भाषेत बोलणारा उपदेश पाहायचा तर पाली वाङ्मयाकडे वळावे लागते. अंगुत्तर निकायात दीघजाणु नावाचा एक कोलिय गृहस्थ बुद्धाला भेटतो आणि मोकळेपणाने सांगतो की आम्ही बायकामुलांत राहणारी, काशीचे चंदन लावणारी, सोन्यारुप्याचा व्यवहार करणारी माणसे. आम्हाला झेपेल असे काही सांगा. बुद्धाने त्याला संसार सोडायला सांगितले नाही. उद्योग, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समजीविता, म्हणजे बेताचे जगणे, अशा चार गोष्टी सांगितल्या. बेताचे जगणे समजावताना दाखला दिला तो तराजू धरणाऱ्याचा. जमा किती आणि खर्च किती, हे त्याने तोलून पाहावे. थोडी मिळकत असून ऐषारामात राहणारा जसा चुकतो, तसाच भरपूर मिळकत असून हलाखीत जगणाराही चुकतो. या दुसऱ्या वाक्याकडे सहसा दुर्लक्ष होते. काटकसर हा इथे स्वयंभू गुण नाही. तराजूचे पारडे कोणत्याही बाजूला कलले तरी तो दोषच. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार वाटेच करून दिले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायला. ज्याच्या मिळकतीचा पहिला वाटाच पोटाला पुरत नाही त्याने काय करावे, हे मात्र सुत्तात नाही.

विनयपिटकातली बुद्धाचा शिष्य आनंद याची गोष्ट या संदर्भात वाचण्यासारखी आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार काय, दुकान मांडणार की काय, अशी शंका येऊन राजा विचारायला गेला. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. त्या विरल्या की जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके, आणि शेवटी त्याच्या चिंध्या कुटून, मातीत कालवून जमीन लिंपायची. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. काटकसरीचा असा परतावा प्रत्येक घराला मिळत नाही, ही गोष्ट वेगळी.

या यादीतली पायरी न् पायरी महाराष्ट्रातल्या घरांना ओळखीची आहे. नेसून नेसून विरलेल्या नऊवारी लुगड्याचे मधले मऊ कापड बाळाच्या दुपट्यांना जाते. उरलेले गोधडीच्या पोटात. खालीवर त्यातल्या त्यात धड लुगडे, आत चिंध्यांचे थर, आणि कडेपासून मध्यापर्यंत चौकोनात फिरत जाणारा धावदोरा. गोधडी विरली की तुकड्यांचे पायपुसणे, पायपुसण्याचे पोतेरे, आणि पोतेरे शेणाने सारवता सारवता भुईला मिळते. या प्रवासात कापडाची एक वीतही वाया जात नाही, पण म्हणून कोणाला थंडीत कुडकुडावेही लागत नाही. उलट थंडीसाठीच तर गोधडी. वस्तूला शेवटपर्यंत वापरणे आणि माणसाला उणे ठेवणे या दोन वेगळ्या काटकसरी आहेत. पहिली निर्दोष आहे. जैन श्रावकाच्या परिग्रहपरिमाण व्रतातही हीच दिशा दिसते: जमीन, घर, सोने, धान्य, भांडी यांची मर्यादा माणसाने आपल्या हाताने, आपल्यापुरती आखायची.

माणसाला उणे ठेवणाऱ्या काटकसरीचा विचार महाभारतात दोन कथांतून करता येतो. त्या शेजारी शेजारी ठेवून सहसा वाचल्या जात नाहीत.

पहिली आश्वमेधिक पर्वातली. युधिष्ठिराचा यज्ञ आटोपल्यावर एक मुंगूस येते. त्याचे अर्धे अंग सोन्याचे असते. ते म्हणते, हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या एका गरीब ब्राह्मणाच्या प्रस्थभर सातूच्या पिठाची सर करणारा नाही. तो ब्राह्मण उंछवृत्तीने जगे. म्हणजे कापणी झालेल्या शेतात पडलेले दाणे वेचून आणायचे आणि त्यावर घर चालवायचे. दुष्काळाचे दिवस होते. मोठ्या मुश्किलीने जमलेल्या जवाचे पीठ झाले आणि त्याचे चार वाटे झाले: नवरा, बायको, मुलगा, सून. जेवायला बसणार तोच अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला, अतिथीचे पोट भरले नाही. बायकोने आपला वाटा पुढे केला. ब्राह्मण तो घेईना; उपासाने कातडी हाडाला चिकटलेल्या बाईच्या तोंडचा घास काढणे त्याला पटेना. तिने आग्रह धरला, तेव्हाच त्याने घेतला. मुलाचे आणि सुनेचेही असेच झाले. चौघेही स्वर्गाला गेले, आणि त्या जमिनीवर सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे निम्मे अंग सोन्याचे झाले. कथेचे तात्पर्य म्हणून थोड्यातले दान थोर, असे सांगतात. ते आहेच. पण कथेच्या रचनेत आणखी एक बारकावा आहे. पीठ चौघांत सारखे वाटले होते आणि प्रत्येकाने दिला तो स्वतःचा वाटा. कुटुंबप्रमुखाने चारही वाटे परस्पर उचलून अतिथीपुढे ठेवले नाहीत.

दुसरी कथा वनपर्वातली. वनवासात सूर्याने युधिष्ठिराला तांब्याचे पात्र दिले. त्यातले अन्न संपत नसे, मात्र द्रौपदी जेवेपर्यंतच. आधी ब्राह्मण, मग धाकटे भाऊ, मग युधिष्ठिर आणि सर्वांत शेवटी ती. ती जेवली की त्या दिवसापुरते पात्र रिकामे. दुर्वास शिष्यांसह आले ते नेमके ती जेवल्यावर, आणि मग कृष्णाला पात्राच्या काठाला चिकटलेले भाजीचे पान खाऊन वेळ मारून न्यावी लागली. कथा भक्तीची म्हणून सांगितली जाते. घरखर्चाच्या अंगाने पाहिले तर तिच्यात एक व्यवस्था नोंदलेली आहे: पात्र पुरते, कारण एक जण शेवटपर्यंत थांबते.

सूर्याचे पात्र नसलेल्या घरांतही हाच क्रम चालत आला. भाकरी कमी पडली की ती किती कमी पडली हे फक्त एका माणसाला कळते, कारण बाकीचे उठून गेलेले असतात. आमटी पळीने ढवळून वाढायची तर खालचा दाट भाग सर्वांना मिळतो. वरवरची वाढत गेले तर तळाशी दाट राहते, पण अनेक घरांत तीही रात्रीसाठी, मुलांसाठी बाजूला काढली जाते. वाढणारीच्या ताटात सकाळची भाकरी, खरवड आणि ताक येते. 'मला आज भूक नाही' हे वाक्य कडकीच्या दिवसांत जितके वेळा उच्चारले जाते तितके वेळा ते खरे असणे शक्य नाही. पोटाला चिमटा घेऊन संसार केला, असे मराठीत कौतुकाने म्हणतात. चिमटा कोणाच्या पोटाला, हे त्या वाक्यात नसते.

उपासाचाही या संदर्भात विचार केला पाहिजे, कारण धर्म आणि काटकसर यांची गाठ तिथे पडते असे वाटते. प्रत्यक्षात साबुदाणा, शेंगदाणे, तूप आणि राजगिऱ्याचे लाडू यांचा भाव पाहता एकादशी ही रोजच्या वरणभातापेक्षा महाग पडते. खरा उपास स्वस्त असतो. पण तो धरणाऱ्याने धरलेला असावा लागतो. डबा रिकामा म्हणून धरलेल्या संकष्टीला व्रत म्हणणे ही मनाची समजूत झाली. कित्येक बायकांनी ही समजूत जन्मभर वापरली, कारण घरात काही नाही असे म्हणण्यापेक्षा आज उपास आहे असे म्हणणे मानाचे असते. धर्माने त्यांना हा आडोसा दिला, हे त्याचे मोठे देणे. आणि असा आडोसा लागावा, हे त्या घराचे उणे.

मराठी संतांचा काटकसरीशी संबंध पुस्तकी नव्हता. रामदासांनी लग्न केले नाही, पण दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी संसारी माणसाच्या ओढाताणीचे जे चित्र काढले आहे ते एखाद्या वाण्याच्या उधारीच्या वहीइतके तपशीलवार आहे. मुले वाढत जातात आणि लक्ष्मी घर सोडते, मुली लग्नाला येतात, कर्ज होते, लोकांत पत जाते, शेवटी माणूस घरदार सोडून परमुलखात चाकरीला जातो आणि तिथे पोट बांधून पैसा जमवतो. समर्थांचा रोख वैराग्याकडे आहे हे खरे, पण मिळेल तितके खाऊन टाकणाऱ्याची कठीण काळात काय गत होते, हेही त्यांनी बजावले आहे. प्रपंच नेटका करण्याचा त्यांचा आग्रह जगजाहीर आहे.

एकनाथांची हिशेबाची गोष्ट प्रसिद्ध आहे. देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्यावर जमाखर्चाचे काम होते. एका पैची चूक राहिली, ती शोधण्यात त्यांनी रात्र घालवली आणि पहाटे ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली. हीच एकाग्रता ईश्वराकडे वळव, असे स्वामींनी सांगितले, असा या गोष्टीचा शेवट. कथेत पैला कमी लेखलेले नाही, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. जो एका पैसाठी जागतो त्याचेच लक्ष वळवण्याच्या लायकीचे असते.

तुकारामांच्या चरित्रात हा सगळा प्रश्न एका घटनेत येऊन थांबतो. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा वाण्याचा धंदा बसला, पहिली बायको आणि मुलगा गेला. पुढे वैराग्य आले तेव्हा घरात लोकांच्या येण्याची खते होती, म्हणजे कर्जरोखे. परंपरा सांगते की ही खते इंद्रायणीत बुडवायची ठरली तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा याने आपली अडचण मांडली: त्यालाही संसार होता. तुकारामांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मी कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याचीच तेवढी पाण्यात सोडली. मराठी धर्मपरंपरेत त्यागाची मर्यादा इतक्या काटेकोरपणे दुसरीकडे क्वचितच आखली गेली असेल. स्वतःच्या वाट्याचे सोडणे हा त्याग. भावाच्या वाट्याचे सोडणे ही दांडगाई झाली असती.

मात्र वाटे दोन झाले, तीन नाही. दुसरी बायको जिजाई हिचा वाटा कोणी वेगळा काढला नाही. मुलांच्या तोंडी काय घालायचे हा प्रश्न तिचाच होता, आणि तिची चिडचिड तुकारामांच्या अभंगांतही उतरली आहे. कीर्तनकारांनी तिला 'आवली' करून हशा पिकवला. खरे तर त्या घरात तराजू धरणारी तीच होती. तिच्या बोलण्यातला कडवटपणा वजा केला तर उरतो तो हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न घरातून सरकारी कागदांत गेला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, कर्जरोखे हिसकावून जाळले, आणि हे लोण पुणे-नगर भागात पसरले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव युद्ध संपताच कोसळला होता आणि शेतसारा मात्र वाढवलेला होता. तरी कुणबी कर्जात का बुडतो याचे त्या काळच्या साहेबांचे आणि शहरी शहाण्यांचे ठरलेले उत्तर होते: तो लग्नाकार्यात उधळतो. दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने वह्या तपासल्या तेव्हा वेगळेच दिसले. लग्नाचा खर्च कर्जाच्या बाजूला दिसतो खरा, पण कर्जाचे मूळ तो क्वचितच असतो, असा निष्कर्ष आयोगाला काढावा लागला. आधीचे कर्ज, त्यावरचे व्याज, सारा भरण्यासाठी आणि पोटासाठी काढलेल्या लहान लहान रकमा, यांतून डोंगर उभा राहिला होता. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा यातून आला.

गरिबाला काटकसर शिकवणे हा सुस्थितीतल्या माणसाचा आवडता उद्योग आहे, आणि तो बहुधा गरिबाची वही न पाहताच चालतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये शेतकऱ्याचा पैसा धर्मकृत्यांच्या निमित्ताने जन्माआधीपासून मरणानंतरपर्यंत कसा झिरपत जातो याचा पाढा वाचला आहे. वरवर पाहता तोही खर्च कमी करण्याचाच सल्ला. पण फुल्यांनी बोट ठेवले ते खर्च करायला लावणाऱ्यावर आणि त्यातून मिळवणाऱ्यावर. शेतकऱ्याला उधळ्या म्हणून ते मोकळे झाले नाहीत. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कर्ज काढून सण, लग्ने आणि नवस करू नका म्हणून गावोगाव कीर्तने केली आणि लोकांनी ती ऐकली, याला कारण होते. बाबांच्या अंगावर चिंध्या आणि हातात मडक्याचे खापर असे, आणि लोकांनी दिलेल्या लाखांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहत. स्वतःच्या कुटुंबाला त्यांनी त्या पैशाजवळ फिरकू दिले नाही. काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार याहून स्वस्तात मिळत नाही.

दारिद्र्याला धर्माने पावित्र्य द्यावे का, या प्रश्नाचे सर्वांत रोखठोक उत्तर बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९५० मध्ये बुद्ध आणि त्याच्या धर्माच्या भवितव्यावर लिहिलेल्या निबंधात त्यांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या, आणि दारिद्र्याचे उदात्तीकरण न करणे ही त्यांतली एक. ज्याच्याकडे संपत्ती आहे त्याने ती सोडली तर ती अवस्था धन्य असू शकेल. दारिद्र्य कधीच धन्य नसते, असे त्यांचे म्हणणे. मनूच्या उतरंडीत जो घोटाळा होता तो इथे सुटतो. सोडण्यासाठी आधी असावे लागते.

गांधींच्या साधेपणाबद्दलही हाच प्रश्न त्यांच्या हयातीतच विचारला जाई. एका लहान मुलाने प्रेमाने दिलेली बोटभर पेन्सिल हरवली म्हणून त्यांनी केलेल्या शोधाशोधीची आठवण काका कालेलकरांनी सांगितली आहे. वस्तूच्या बाबतीत ते आनंदाच्या परंपरेतले होते. पण त्यांना गरीब ठेवणे किती खर्चाचे पडते, अशी थट्टा सरोजिनी नायडूंच्या नावावर सांगितली जाते, तीही अगदीच निराधार नव्हती. स्वेच्छेच्या साधेपणाभोवती माणसे, जागा आणि वेळ यांचे भांडवल उभे असते. विनोबांनी पवनारच्या परंधाम आश्रमात १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला, तेव्हा पैशाविना जगायला आधी जमीन आणि खोदायला दहा हात लागतात हे उघड झाले. चाळीतल्या एका खोलीत भाडे, शाळेची फी, गॅसची टाकी आणि म्हाताऱ्यांची औषधे यांच्यात पगार वाटणाऱ्याला कांचनापासून मुक्ती नको असते; त्याला थोडे कांचनच हवे असते.

मग ओढाताणीच्या संसारातल्या काटकसरीला नैतिक मोल नाहीच का? आहे. पण ते वाचलेल्या रकमेत नसून वाटपात आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला वही उघडून, काय आले आणि काय जाणार हे घरातल्या सगळ्यांसमोर मांडले जाते, तिथे मुलगा सहलीला जात नाही म्हणतो, वडील चहा-तंबाखू कमी करतात, आजी चष्म्याची काडी आणखी एक महिना दोऱ्याने बांधते. असे घर मुंगसाच्या कथेतल्या कुटुंबाच्या जवळ जाते: प्रत्येकाने आपल्या वाट्यातून काढलेले. ज्या घरात वही एकाच्या हातात, कपात दुसऱ्याच्या ताटात आणि कौतुक तिसऱ्याचे, तिथे बचत होते, काटकसरीचा गुण मात्र कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही. डाळीच्या डब्यात लपवलेल्या नोटा आणि बायकांनी आपसात चालवलेल्या भिशी या दुसऱ्या प्रकारच्या घरांतूनच जन्मल्या. तिथे लपवण्यालाही एक प्रकारची न्यायबुद्धी म्हटले पाहिजे.

वाचलेले जाते कुठे, यावरही मोल ठरते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरच्या बायका दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. मुष्टिफंड म्हणून तो ओळखला जाई. त्या धान्यावर वसतिगृहातली वेगवेगळ्या जातींची मुले एका पंक्तीत जेवली. ज्या घरांतून ही मूठ निघाली ती घरे स्वतःच हातातोंडाची गाठ घालणारी होती. एकदा वसतिगृहातले धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्र मोडायला दिले. इथे मात्र वाटा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, याबद्दल शंका नाही.

ओढाताणीत जगणाऱ्या कुटुंबाच्या धान्याचा मोठा भाग आज शिधापत्रिकेवर येतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार या पत्रिकेवर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख मानली जाते. प्राधान्य कुटुंबांना धान्य घरटी नाही, माणशी मिळते: महिन्याला प्रत्येकाचे ५ किलो. त्यात तिचेही ५ किलो असतात.